वारंगुळा

शहापूरच्या शिवारात भात निघालं
की त्याच ओलीवर मसूर पेरतात.
काळ्या रानाला उरलेली ओल पुरते.
तिथून मूठभर कोवळी रोपं उपटली,
गंगव्वाला विचारून.
ती म्हणाली, "तगो अक्का,"
मग माझ्या तोंडाकडे बघून,
"एवढ्यात काय हुतंय, आणि घे की."

कॉलेजात ती बर्फावर खलली,
चार पदरी फडक्यातून गाळली.
त्या हिरवट रसात ग्लुटामेट घातलं,
ऑक्झॅलोॲसिटेट घातलं
आणि घड्याळ लावून बसलो.
थोडा रस आधीच उकळून बाजूला ठेवला होता.
मेलेल्या रसाला कुणाचं देणं नसतं, घेणं नसतं,
हे पोरांनी डोळ्यांनी बघावं म्हणून.

आमच्याकडे एकच बैल होता, पांढऱ्या.
भरमाण्णाकडे एकच, तांबड्या.
वारंगुळा ठरलेला:
दोन दिवस आमचं रान, दोन दिवस त्याचं.
पैसे कधी मध्ये आले नाहीत.
दोघे बांधावर भांडायचे,
एक कन्नडात, एक मराठीत,
आणि बैल दोन्ही भाषांत वळायचे.

एक नायट्रोजन, त्याला चिकटलेले दोन हायड्रोजन.
एवढंच हे जनावर.
पण मोकळं सोडून चालत नाही:
मोकळा अमोनिया साचला तर पान जळतं,
सुटलेला बैल मालकाचंच पीक खातो तसं.
म्हणून एका हातातलं दावं
दुसऱ्या हातातच जायला हवं.

मधला हात पिवळा असतो.
पिरिडॉक्सल फॉस्फेट,
बी-सहा जीवनसत्त्वाचं कामावरचं नाव.
एन्झाइमच्या खोबणीत लायसिनला धरून बसलेला.
ग्लुटामेट येतं, दावं देतं, रिकामं होऊन जातं.
जनावर हाती असेतो
हाताचा पिवळा रंग उडतो.
मग ऑक्झॅलोॲसिटेट येतं, दावं घेतं,
बाहेर पडताना त्याचं नाव ॲस्पार्टेट.
हात पुन्हा पिवळा.
देणारा आणि घेणारा
एकमेकांचं तोंडही बघत नाहीत.

संध्याकाळी कागद वाळवला, निनहायड्रिन फवारलं,
ओव्हनचं दार लावलं.
शून्य मिनिटांच्या रांगेत वर एकच ठळक जांभळा ठिपका.
दहाला त्याच्या खाली कसलीशी सावली.
विसाला ती ठिपका झाली.
तिसाला वरचा ओसरलेला, खालचा भरलेला.
उकळलेल्याच्या रांगेत मात्र
वरचा होता तसाच, एकटा.

रेणुका सांबरेकरनं मागून विचारलं,
"मॅडम, मग तो नायट्रोजन कुणाचा?"
मी मुळांवरच्या गाठी सांगितल्या,
गाठींतले जिवाणू, हवा.
"ते कुठनं आला ते झालं.
आत्ता कुणाचा?"

फळ्यावर एक बाण होता, डावीकडून उजवीकडे.
मी त्याच्याखाली दुसरा काढला, उलटा.
तिनं तो वहीत उतरवून घेतला.
पटलं असं काही तिच्या तोंडावर दिसलं नाही.

पांढऱ्या गेला त्या साली
दोन दिवसांची पाळी राहिली होती.
आमची त्यांच्याकडे की त्यांची आमच्याकडे,
हिशोब लागेना.
भरमाण्णा कुदळ घेऊन आला,
खड्डा कमरेइतका होईतो बोलला नाही.
मग म्हणाला, "तांबड्या आहे की अजून,"
आणि ते कुणाला म्हणाला
हे वडिलांनाही कधी कळलं नाही.

लॅबमधल्या इरप्पांनी हातमोजे घातले नव्हते.
त्यांची बोटं जांभळी झाली.
रंग बाटलीतला नाही, मी म्हटलं,
बाटलीतलं पाणी तर पांढरंच होतं.
तुमच्याच कातडीतल्या घामात जी अमिनो आम्लं आहेत
तीच बोलली.
त्यांनी बोटं खिडकीच्या उजेडात धरली,
उलटीसुलटी करून बघितली.
"माझीच म्हणता?
सकाळी मसूर मीच निवडली होती की."